एमएक्स-५ चे साइड स्कर्ट दुपारी फुगतात आणि रात्री टोकाला सुटतात. स्पॉयलरही नीट बसत नाही

कॉव्हेन्ट्रीकर_एनडी

नमस्कार. माझ्याकडे मझदा एमएक्स-५ ची चौथी पिढी, म्हणजे जिला सगळे एनडी या नावाने ओळखतात ती उजव्या स्टिअरिंगची गाडी आहे, आणि ती इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला घरासमोर उघड्यावर उभी असते. या गाडीची बाजूची रेषा मला फार आवडते. फक्त दाराखालचा भाग थोडा उंच आणि मोकळा वाटतो. म्हणून मी बाहेरच्या एका विक्रेत्याकडून एबीएस प्लास्टिकचे चकचकीत काळे साइड स्कर्ट, बूटच्या, म्हणजे डिकीच्या झाकणावर बसणारा फायबरचा लहान स्पॉयलर आणि दारांच्या आतल्या बाजूला काचा वरखाली करण्याच्या बटणांभोवती चिकटवायच्या कार्बनच्या पट्ट्या मागवल्या. तिन्ही वस्तू याच मॉडेलसाठी बनवल्या आहेत असे त्यांच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेले होते.

साइड स्कर्टची लांबी साधारण १६०० मिलिमीटर आहे. वरच्या कडेला कारखान्यातूनच लावलेली दुहेरी चिकट टेप आहे आणि खालच्या दुमडीला पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन गोल छिद्रे आहेत. सूचनापत्रकाप्रमाणे मार्चमधल्या एका थंड सकाळी आधी पुढचा स्क्रू आवळला, मग टेपचे अस्तर काढत मागे मागे जात पट्टी दाबली आणि शेवटी उरलेले दोन स्क्रू लावले. त्या दिवशी सगळे अगदी व्यवस्थित दिसत होते. मात्र ऊन पडू लागल्यापासून दुपारी स्कर्टचा मधला भाग बाहेर फुगलेला दिसतो, आणि रात्री तो पुन्हा सपाट झाला की मागच्या चाकाजवळचे टोक रंगापासून सुटून तिथे पाच मिलिमीटरची फट पडते. डावी बाजू दिवसभर उन्हात असते आणि तिथे हा प्रकार जास्त आहे.

स्पॉयलर मी अजून चिकटवलेला नाही आणि रंगवलेलाही नाही. तो झाकणावर ठेवला की मध्यभाग टेकतो, पण दोन्ही टोके सुमारे चार मिलिमीटर वर राहतात. बोटांनी दाबले तर ती खाली जातात. विक्रेत्याचे म्हणणे असे की टेप आणि दोन स्क्रू लावले की टोके आपोआप खाली ओढली जातील. झाकणाला भोके पाडायला माझे मन धजत नाही. आतल्या पट्ट्यांविषयी तर काय बोलावे, उजव्या दारावरच्या पट्टीची छिद्रे तिथल्या बटणांशी जुळतच नाहीत.

टेप हलक्या प्रतीची आहे, भाग सदोष आहेत, की बसवण्याची रीतच वेगळी हवी, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

रेझिन_आणि_रेषा

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की स्कर्टचे निदान त्यातच सापडते. दुपारी मध्ये फुगणे आणि रात्री टोकाला सुटणे हे टेपच्या हलकेपणाचे लक्षण नाही. हे प्लास्टिक आणि पोलाद यांच्या प्रसरणातील फरकाचे लक्षण आहे, आणि तो फरक आकड्यांत मांडला तर उपायही लगेच दिसतो.

एबीएसचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एका अंशाने वाढल्यावर सुमारे ०.०८ मिलिमीटर वाढतो, तर पोलाद सुमारे ०.०१२ मिलिमीटर. आपला स्कर्ट १.६ मीटरचा आहे. तो ५ अंशांवर बसवला आणि काळ्या रंगामुळे उन्हात त्याचे तापमान ५५ अंशांवर गेले असे धरू, म्हणजे फरक ५० अंशांचा झाला. तेवढ्यात स्कर्ट जवळजवळ ६.४ मिलिमीटर लांब होऊ पाहतो, आणि खालचे पोलादी सिल, म्हणजे दाराखालचा गाडीच्या सांगाड्याचा भाग, तेवढेच तापले असे मानले तरी ते एक मिलिमीटरच्या आतच वाढते. उरलेल्या सुमारे साडेपाच मिलिमीटरला कुठेतरी जागा हवी असते. पुढचे आणि मागचे दोन्ही टोक गोल छिद्रांतल्या स्क्रूने जखडलेले असल्यामुळे ती जागा फक्त बाहेरच्या दिशेने मिळते, म्हणून मधला भाग फुगतो. फुगताना टेप आडवी सरकत नाही, ती रंगापासून सोलली जाते, आणि ॲक्रिलिक फोमच्या टेपचा स्वभावच असा आहे की घसरत्या ताणाला ती फार चिवटपणे तोंड देते, पण कडेपासून सोलणाऱ्या ताणापुढे लवकर हार मानते. थंडीत आकसताना सर्वांत कमकुवत झालेले टोक सुटते.

आता हिशोबाचा दुसरा अर्धा भाग पाहू. या वर्गातील चांगली टेप स्वतःच्या जाडीच्या साधारण तिप्पट आडवी हालचाल सहन करते, असा तिच्या वापराचा नियम आहे. टेप १.१ मिलिमीटर जाड असेल तर ३.३ मिलिमीटर, ०.८ मिलिमीटर असेल तर २.४ मिलिमीटर. आपण पुढचे टोक आधी पक्के केल्यामुळे सगळी साडेपाच मिलिमीटर हालचाल मागच्या टोकाला जमा होते, आणि कोणतीही नेहमीची टेप तेवढी सहन करणार नाही. त्याऐवजी मधला स्क्रू पक्का धरला आणि दोन्ही टोके सरकती ठेवली, तर प्रत्येक टोकाच्या वाट्याला पावणेतीन मिलिमीटरच येतात. १.१ मिलिमीटरची टेप ते सहज पेलते, ०.८ ची पेलत नाही. म्हणून आपल्या स्कर्टवरच्या टेपची जाडी आधी मोजून पाहावी.

वजनाची काळजी मात्र करू नये. उभ्या स्थिर भारासाठी एका किलोला सुमारे ५५ ते ६० चौरस सेंटिमीटर टेप पुरते. दीड किलोच्या स्कर्टला नव्वद चौरस सेंटिमीटर, म्हणजे १२ मिलिमीटर रुंदीची टेप पाऊण मीटर लावली तरी भागते, आणि आपल्याकडे त्याच्या दुप्पट लांबी उपलब्ध आहे.

तापमानाचा मुद्दा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक ॲक्रिलिक टेप १० अंशांच्या खाली लावू नयेत. २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान लावल्यास त्यांचा डिंक पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत नीट उतरतो. खोलीच्या तापमानाला पहिल्या वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण. थंडीत हा सगळा क्रम मंदावतो, म्हणून बसवताना सगळे व्यवस्थित दिसते आणि पकड मात्र अर्धवटच राहते. गाडी बंद गॅरेजमध्ये किमान एक रात्र ठेवावी, सिल हीट गनने कोमट करावे, हाताला सुखद वाटेल इतकेच, आणि मग लावावे. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पुसावे. गाडीला सिरॅमिक कोटिंग किंवा मेण लावलेले असेल, तर नुसत्या पुसण्याने भागणार नाही. टेपच्या पट्ट्यापुरते ते पॉलिश करून काढावेच लागेल, कारण पाणी टिकू न देणारा पृष्ठभाग डिंकालाही टिकू देत नाही.

भोसरी_फायबर

स्कर्टविषयी वर जे लिहिले आहे त्यात मला भर घालायची नाही. मी पुण्याजवळ भोसरीला फायबरचे काम करतो, म्हणून स्पॉयलरविषयी सविस्तर लिहितो, कारण इथे विक्रेत्याचा सल्ला मानला तर आपले झाकण आणि स्पॉयलर दोन्ही खराब होतील.

टेप ही भाग धरून ठेवण्यासाठी असते. वाकडा भाग ओढून सरळ करण्यासाठी ती वापरायची नसते. चार मिलिमीटर वर राहिलेली टोके आपण दाबून चिकटवली, तर तो भाग दिवसरात्र मूळ आकाराकडे परतण्याचा प्रयत्न करत राहतो आणि तो सगळा ताण टोकाच्या एका सेंटिमीटर टेपवर येतो. पहिल्या उन्हाळ्यात टोक सुटते. स्क्रूने ओढले तर टेप टिकेल, पण स्क्रूच्या भोवती जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाह्य थराला) बारीक केसासारख्या भेगा पडतील आणि त्या रंगातून वर दिसतील.

आता टोके वर का राहतात ते पाहू. फायबरचा भाग साच्यातून निघतो तेव्हा त्यातील पॉलिएस्टर रेझिन (काचेच्या धाग्यांना बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) आकसत असते. रेझिन स्वतः घट्ट होताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आकसते. काचेचे धागे त्यातले बरेच अडवतात, पण सगळे अडवत नाहीत. घाईने साच्यातून काढलेला आणि कपाटात आधाराशिवाय उभा ठेवलेला भाग पुढे आठवडे बारीक बारीक वाकत राहतो. स्वस्त मालात आणखी एक प्रकार असतो: मूळ कंपनीच्या तयार स्पॉयलरवरूनच साचा काढतात, आणि मग प्रत्येक प्रतीत थोडा आकार हरवत जातो.

पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कारण याहून साधे असते. भागाच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी पाहत नाही, तिथे रेझिनचा एखादा थेंब किंवा जाड झालेला थर मध्यभागी राहिलेला असतो. त्यावर भाग डोलतो आणि दोन्ही टोके वर राहतात. हे तपासायची पद्धत अशी: झाकणाच्या त्या पट्ट्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत, त्यावर रंगीत खडूची पूड पुसावी, स्पॉयलर हलकेच ठेवून किंचित इकडेतिकडे सरकवावा आणि उचलून पालथा करावा. जिथे खडू लागला असेल तिथेच तो टेकतो आहे. तेवढा भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवावा, पुन्हा ठेवून पाहावा, पुन्हा उतरवावा. घाई करू नये आणि ग्राइंडर लावू नये. काचेच्या धुळीसाठी चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ही धूळ अंगाला लागली की दिवसभर चुरचुरते आणि फुप्फुसात जाऊ देण्यासारखी तर मुळीच नाही.

एवढे केल्यावर टोके दीड-दोन मिलिमीटरवर आली, तर पुढची पायरी. झाकणाला आता गुळगुळीत पॅकिंग टेप घट्ट लावावी, तिच्यावर मेण चोळावे. स्पॉयलरच्या टोकांची खालची कड खरबरीत करून तिथे काचेचे तंतू मिसळलेली पुट्टी लावावी आणि स्पॉयलर झाकणावर जागच्या जागी, न दाबता, मास्किंग टेपने धरून ठेवावा. पुट्टी झाकणाचाच आकार घेते. घट्ट झाल्यावर उचलून बाहेर आलेली पुट्टी कापून टाकावी. अशा रीतीने बसवलेल्या भागाची फट एकसारखी, कागद सरकेल इतकी राहते, आणि तेव्हाच त्याच्याखाली टेपची जाडी हिशोबात धरता येते. टेपसाठी खालच्या बाजूला उथळ खाच नसेल, तर सगळा भाग टेपच्या जाडीइतका वर बसेल हे विसरू नये. चांगल्या भागांत ती खाच मुळातच दिलेली असते.

भाग पीळ पडल्यासारखा वाकला असेल, म्हणजे एक टोक वर आणि दुसरे खाली, तर पातळ पॉलिएस्टर फायबर कोमट करून, झाकणावर नव्हे तर लाकडी आधारावर, हव्या आकारात बांधून थंड होऊ दिल्यास थोडाफार पीळ निघतो. आपल्या वर्णनात दोन्ही टोके सारखी वर आहेत, म्हणून ही वेळ येईल असे वाटत नाही.

आणि कृपया रंगारी शोधण्याआधी हे सगळे करावे. रंगाआधी कोरडी बसवणी करणे हीच या कामातली खरी मेहनत आहे. इथे पुण्यात लोक भाग आणून थेट पेंटरकडे देतात आणि मग रंगवलेला, वाकडा, परत न करता येणारा भाग घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा वाईट वाटते, कारण हेच काम आधी अर्ध्या वेळात झाले असते. रंग झाल्यावरही टेप लावण्याआधी तो पूर्ण वाळू द्यावा. वरून कोरड्या वाटणाऱ्या ताज्या रंगातून द्रावक बाहेर पडत असतो आणि तो डिंक मऊ करतो.

रेडिंगची_रोडस्टर

मी इंग्लंडमध्येच राहते आणि माझ्याकडे याच गाडीची पहिली पिढी, १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली एनए आहे, म्हणून गंजाकडे माझे लक्ष जरा जास्त असते.

आपल्या गाडीचे बूटचे झाकण ॲल्युमिनियमचे आहे. एनडीचे वजन कमी ठेवण्यासाठी बॉनेट, पुढची दोन मडगार्ड आणि बूटचे झाकण या धातूचे केलेले आहे. लोहचुंबक लावून आपल्याला लगेच खात्री करता येईल. त्यात स्टेनलेसचा स्क्रू बसवला आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ पाण्याबरोबर तिथे पोहोचले, की दोन वेगळ्या धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. रंगाखाली पांढरी पूड आणि फोड येतात. त्यामुळे भोक न पाडण्याचा आपला निर्णय मला पूर्णपणे पटतो. फायबरऐवजी कार्बनचा स्पॉयलर घ्या असे कोणी सुचवले, तर तिथे हाच धोका अधिक आहे, कारण कार्बनचे धागे वीज वाहतात आणि ॲल्युमिनियमच्या शेजारी फार त्रासदायक ठरतात. मध्ये फोमची टेप पूर्ण लांबीभर असेल आणि कुठेही थेट स्पर्श नसेल, तर ठीक. झाकणावरचा तिसरा ब्रेक दिवा स्पॉयलरने झाकला जात नाही ना, तेही मागे उभे राहून पाहावे.

स्कर्टविषयी मला अधिक काळजी आहे. मऊ छपराच्या गाडीत छतावरचे पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली उतरते, आणि एनए व एनबी या जुन्या पिढ्यांत या वाटा पानांनी तुंबल्या की मागच्या चाकापुढचे सिल आतून कुजते, हे या गाड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपली गाडी नवी असली तरी तत्त्व तेच आहे. स्कर्टने सिलच्या खालची निचऱ्याची छिद्रे झाकली, किंवा स्कर्टच्या आतल्या खोबणीत माती आणि मीठ साचून राहिले, तर नुकसान बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर होतो. स्कर्ट काढून पुन्हा बसवणारच आहात, तर खाली आडवे होऊन निचऱ्याची छिद्रे आणि जॅक लावायच्या जागा मोकळ्या राहतात का ते पाहावे, आणि स्क्रूसाठी पोलादात जी भोके आधीच पडली आहेत त्यांच्या कडांना इपॉक्सी प्रायमर व आतून मेणयुक्त गंजरोधक लावावे.

हे भाग बसवल्याचे विमा कंपनीला कळवले आहे का? इथे दिसण्यापुरते बदलसुद्धा ‘बदल’ म्हणूनच गणले जातात, आणि कंपनीने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताना वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने आपल्यावर टाकली आहे. बहुतेक वेळा एका फोनवर काम होते. एमओटी, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत सुटलेल्या स्कर्टची धारदार कड लागण्यासारखी असेल, तर गाडी नापास होऊ शकते, म्हणून ती फट तशीच ठेवून वर्ष काढू नये.

रेझिन_आणि_रेषा

आतल्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चारही काचांची किंवा दोन्ही काचांची मुख्य बटणे चालकाच्या दारावर असतात. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे आणि पट्ट्यांचा जोड बहुधा डाव्या स्टिअरिंगच्या गाडीवरून कापला आहे, त्यामुळे मोठ्या छिद्राची पट्टी डाव्या दारासाठी बनली आहे. ती उलटी करून उजवीकडे लावता येणार नाही, कारण वक्रता आणि चकचकीत बाजू दोन्ही उलटतात. घासून जुळवू नका, परत करा.

कॉव्हेन्ट्रीकर_एनडी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. टेपची जाडी मोजली, ती ०.८ मिलिमीटरच आहे. स्पॉयलर पालथा करून पाहिला तर मध्यभागी बोटाला जाणवेल इतका रेझिनचा उंचवटा आहे. झाकणाला चुंबक लागत नाही. विमा कंपनीला कळवले असून त्यांनी नोंद करून घेतली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. स्कर्टची टोकाची छिद्रे किती लांब करावीत आणि स्क्रू किती आवळावा? आणि पट्ट्या परत करण्यासाठी विक्रेता ‘आमची वस्तू बरोबर आहे’ असे म्हणाला, तर काय करावे?

रेडिंगची_रोडस्टर

दुसऱ्या शंकेचे उत्तर देते. विक्रेता याच देशातला असेल आणि खरेदी ऑनलाइन असेल, तर वस्तू हातात पडल्यापासून चौदा दिवसांत कारण न देताही खरेदी रद्द करता येते. ती मुदत उलटली असेल, तरी २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे वर्णनाशी न जुळणारी वस्तू तीस दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. ‘याच मॉडेलसाठी’ हे शब्द वर्णनात आहेत आणि गाडी इथल्या नेहमीच्या उजव्या स्टिअरिंगची आहे, म्हणून आपली बाजू भक्कम आहे. त्या पानाची आणि दारावर ठेवलेल्या पट्टीची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत, अस्तर काढू नये आणि पत्रव्यवहार लेखीच ठेवावा. विक्रेता परदेशातला असेल, तर पैसे ज्या कार्डाने दिले त्या बँकेकडे तक्रार नोंदवण्याचा मार्ग अधिक सरळ पडतो.

रेझिन_आणि_रेषा

मग टेप बदलावीच लागेल. जुना डिंक अंगठ्याने लोळवत काढावा, उरलेला डिंक काढण्याच्या द्रावणाने पुसावा आणि १.१ मिलिमीटरची नवी टेप लावावी.

स्क्रू पाच मिलिमीटरचा असेल, तर मधले छिद्र गोलच ठेवावे आणि पुढचे व मागचे छिद्र गाडीच्या लांबीच्या दिशेने १२ मिलिमीटर लांब करावे. कानस वापरावी, गरम सळईने वितळवू नये. वितळलेल्या कडेपासून पुढे भेग जाते. १५ ते २० अंशांच्या दिवशी बसवल्यास स्क्रू छिद्राच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही दिशांना जागा राहते. दोन्ही टोकांना रुंद नायलॉनचे वॉशर घालावेत आणि स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करावा. हाताने लांबीच्या दिशेने ढकलल्यावर टोक किंचित सरकले पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. चिकटवताना मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी स्कर्ट व रंग यांच्यात तीन मिलिमीटर मोकळे ठेवावेत, नाहीतर उन्हात वाढलेले टोक कमानीच्या रंगावर घासेल.